रंग सगळ्यात शेवटी: गावाने जिल्हा परिषदेची शाळा दुरुस्त करायची तर

आमच्या शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गणी काढून गावाने शाळा रंगवली, तेव्हा पेंटरकडून तो हौसेने काढून घेतला होता, जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा रंग देऊन. श्रावणात गोंदियाला फुगवटा आला. गणपतीत गोंदियासकट भंडारा खाली आला आणि दिवाळीनंतर शाळा भरली तोवर नागपूरचंही काही खरं नव्हतं. नकाशाच्या त्या उजव्या कोपऱ्यामागे, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, पावसाळी पाईप सांध्यात फुटलेला होता. रंगाला चाळीस हजार गेले होते. पाईपचा तुकडा आणि कोपरा बसवायला तीनशे रुपये लागले.

मी माणदेशातल्या एका वाडीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा दोन मुदती अध्यक्ष होतो. धंदा शेती, डाळिंब आणि थोडी जनावरं. बांधकामातलं जे कळतं ते गवंड्यांच्या मागे उभं राहून आणि चुका करून. पुढे शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी शाळेचं काम काढलं तेव्हा बोलावलं म्हणून गेलो आणि तिथेही तेच दिसलं: पैसा जमला की सगळ्यांना पहिल्यांदा रंग आठवतो, नाहीतर कमान. म्हणून हे लिहितोय. ज्या गावाला शाळा दुरुस्त करायची आहे किंवा एखादी खोली नव्याने बांधायची आहे, त्यांनी कुठून सुरुवात करावी आणि कशाच्या नंतर काय, एवढंच.

पाहणी भर पावसात

लोक पाहणी एप्रिल-मेमध्ये करतात, कारण तेव्हा वेळ असतो. त्या दिवसांत कुठलीही शाळा बरीच दिसते. खरी पाहणी पावसात. आमच्याकडे पाऊस थोडा, तोही परतीचा, म्हणून आम्ही सप्टेंबर धरतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत करा. जोराची सर येऊन गेली की तासाभरात मुख्याध्यापक, समितीतले दोघं आणि एक जाणता गवंडी असे निघायचं. सोबत वही, मोबाईल, बॅटरी आणि लहान हातोडी.

आधी गच्चीवर चढा. पाणी जिथे साचलंय तिथे कडेने विटेच्या तुकड्याने रेघ मारा. दोन दिवसांनी परत जा. तरीही डबकं असेल तर उतार चुकलाय किंवा पाईपचं तोंड बुजलंय. पत्र्याची शाळा असेल तर उलट करायचं: भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत अंधार करा आणि वर बघा. चांदण्यासारखा ठिपका दिसला की तिथे भोक. दहा मिनिटांत सगळी भोकं वहीत येतात.

स्लॅबच्या खालच्या बाजूला हातोडीने हलके ठोके मारत जायचं. भरीव जागी टणटण वाजतं, गिलावा किंवा काँक्रीट सुटलेल्या जागी भदभद. जिथे भदभद तिथे खडूने गोल करा आणि त्याखालचे बेंच त्याच दिवशी हलवा, ठरावाची वाट बघू नका. तपकिरी ओघळ दिसत असतील तर आतली सळई गंजतेय. सळई उघडी पडून तिचे पापुद्रे निघत असतील किंवा स्लॅब मध्यभागी वाकलेला दिसत असेल, तर ते काम गावाच्या गवंड्याचं नाही. खोलीला कुलूप लावा, मुलं दुसरीकडे बसवा आणि अभियंत्याला लेखी कळवा.

भेगांना लोक फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. गिलाव्यातली केसाएवढी भेग सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, किंवा आतून-बाहेरून दोन्हीकडे एकाच जागी दिसणारी भेग मात्र बघायची. तिच्यावर बोटभर रुंदीची पातळ काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्याने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काही महिन्यांनी काच तडकलेली असेल तर भेग अजून चालू आहे, म्हणजे पाया हलतोय. काळ्या जमिनीवरच्या शाळांत हे हमखास सापडतं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची भिंत तिच्यासोबत वर-खाली होते. अशी भेग नुसती बुजवून उपयोग नाही. आधी भिंतीच्या पायथ्याचं पाणी तोडावं लागतं. ते पुढे सांगतो.

पाहणीत मुलांना विसरू नका. कुठे गळतं, हे आम्हाला तिसरीतल्या एका पोरीने बरोबर दाखवलं; ती पावसाळाभर दप्तर मांडीवर घेऊन बसत होती. मोठ्या मुलींना मात्र बाईंनी किंवा आशाताईंनी वेगळं बसवून विचारावं. "संडास आहे ना?" असं विचारलं तर "आहे" असंच उत्तर येतं. "तुम्ही जाता का?" असं विचारा. आमच्याकडे आठजणींपैकी सहा जात नव्हत्या. आतून कडी नव्हती.

हातोडा उचलण्याआधीचे कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे आम्ही सणसणीत मार खाल्ला आहे. मोडकळीला आलेली जुनी स्वयंपाकखोली होती. श्रमदानाच्या दिवशी पोरांना चेव आला आणि सकाळी नऊपर्यंत ती जमीनदोस्त झाली. सगळे खूश. महिन्याभराने कुणीतरी अर्ज केला की सरकारी मालमत्ता विनापरवाना पाडली. गावाला काही झालं नाही, नोटीस आली ती मुख्याध्यापकांना. त्या माणसाने पुढचं वर्षभर खुलासे लिहिले.

शाळेची खोली कितीही पडकी असली तरी ती जिल्हा परिषदेच्या दप्तरात नोंदलेली मालमत्ता असते. पाडायची तर तिचं निर्लेखन, म्हणजे दप्तरातून रीतसर कमी होणं, व्हावं लागतं. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत तो पुढे, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा पाहणी अहवाल, मग मंजुरी आणि निघणाऱ्या सामानाचा रीतसर लिलाव. जुनं सागवान, कौलं, पत्रे यांना किंमत असते आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात. वेळ लागतो, म्हणून हा प्रस्ताव सगळ्यात आधी पाठवा.

दुसरा कागद जागेचा. सातबारा किंवा गावठाणातला उतारा काढून बघा. शाळा पन्नास वर्षं उभी असते आणि जागा अजून कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर असते. आजोबांनी तोंडी दिलेली असते, नातवाला भाव कळलेला असतो. नवी खोली किंवा कुंपण घालायच्या आधी मोजणी करून घ्या आणि बक्षीसपत्र व्हायचं असेल तर ते उरका. कुंपणाचा पहिला खांब रोवला की हद्दीचा वाद निघणारच, तो कागदावर आधी निघालेला परवडतो.

तिसरं, समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचंच काम आहे. कायद्याच्या परिशिष्टात इमारतीत काय हवं तेही लिहिलंय: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांची मिळून एक खोली, अडथळ्याविना ये-जा, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, स्वयंपाकाची शेड, मैदान आणि कुंपण. तुमची पाहणीची वही या यादीशेजारी ठेवली की आराखडा अर्धा तयार. ठराव लिहिताना "शाळा सुशोभीकरण" असा मोघम शब्द लिहू नका. "खोली क्र. २ च्या छताचे १४ पत्रे बदलणे" असं लिहा. मोघम ठरावावर मोघम काम होतं.

त्यानंतर शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यायचं. वर्गणीतून काम करणार असाल तरी घ्या. सरकारी दरसूचीप्रमाणे किती खर्च यायला हवा हे कळलं की ठेकेदाराशी बोलायला जमीन मिळते. सरकारी पैशाचं काम असेल तर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश हातात आल्याशिवाय एक वीट हलवायची नाही. "तुम्ही सुरू करा, कागद मागनं होतील," असं कुणी म्हटलं तर तेच लेखी मागा.

पैसा कुठून, आणि कुठल्या पैशाला कुठलं काम

सगळं एका ठिकाणाहून मिळवायच्या नादात वर्षं जातात. कामाचे तुकडे पाडा आणि ज्या तुकड्याला जो पैसा चालतो तो लावा.

शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं, पटाप्रमाणे: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. यात खडू-फळा, वीजबिल आणि झाडू सगळं बसवायचं असतं, त्यामुळे यातून नळाच्या तोट्या आणि कड्या-कोयंडे एवढंच धरा. पाणी आणि स्वच्छतागृहासाठी ग्रामपंचायत. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा याच कामांसाठी बंधित असतो, १५व्या वित्त आयोगात तो ६० टक्के होता. पण त्यासाठी काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलेलं हवं. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अर्धी शाळा, म्हणजे पालक, घेऊन जा. नवी वर्गखोली किंवा मोठी दुरुस्ती हा जिल्हा नियोजन, समग्र शिक्षा किंवा आमदार-खासदार निधीचा विषय. तो प्रस्ताव पाठवा आणि पाठपुरावा करत राहा, मात्र त्याच्यावर बाकीची कामं अडवून ठेवू नका.

कंपन्यांकडे जायचं असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ माहीत असू द्या. ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. त्यांना भावनिक पत्र नको असतं. यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पट, अंदाजपत्रक, समितीचा ठराव, जिल्हा परिषदेचं ना-हरकत पत्र आणि चार फोटो, दोन पानांत. फोटोत गळणारं छत दाखवा, हात जोडून उभी केलेली मुलं नकोत.

राहिली लोकवर्गणी. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला केरळपासून आसामपर्यंत पांगलेली. काही मुंबईत माथाडी. ही सगळी चैत्रातल्या यात्रेला गावी येतात. शाळेची बैठक आम्ही यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी लावली. पारावर पाहणीचे फोटो चिकटवले, प्रत्येक फोटोखाली काम आणि रक्कम. वर्गणी मागायला जावं लागलं नाही, पण दुसरी अडचण उभी राहिली. एका तात्यांना कमान बांधायची होती.

"तात्या, कमानीला दोन लाख देताय, तेवढ्यात पोरींचं संडास हुतंय."

"आन् संडासावर आईचं नाव घालू काय रं?"

त्यांचं चूक नव्हतं. शेवटी हात धुण्याची जागा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी आईच्या नावाने झाली, तिथे फरशीत नाव कोरलं, आणि उरलेल्या पैशात मुलींचं स्वच्छतागृह झालं, नावाविना. देणगीदारांच्या नावाचा एकच फलक करा, सगळ्यांची अक्षरं सारख्या मापाची. पंख्यावर, बाकावर, फळ्यावर नावं घालायला लागलात तर शाळा लग्नातल्या भांड्यांसारखी दिसते.

कामाचा क्रम: वरून खाली, बाहेरून आत

छप्पर पहिलं. यावर तडजोड नाही.

कौलारू असेल तर फुटकी कौलं बदलण्याआधी खालच्या पट्ट्या आणि कैच्यांची, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी सांगाड्यांची, टोकं तपासा. भिंतीत गेलेलं लाकडाचं टोक ओलीने कुजलेलं असतं, वरून कळत नाही. गवंड्याला म्हणा, सळईचं टोक घालून बघ. सळई लोण्यात गेल्यासारखी गेली तर कौलं राहू द्या, आधी कैची. माळवदाची (वर मातीचं सपाट छत असलेली) किंवा दगडमातीच्या भिंतींची जुनी शाळा असेल तर गळतीवर उपाय म्हणून वर मातीचा थर वाढवत जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी घरं बसली, त्यांत जाड दगडी भिंती आणि डोक्यावरची ही मातीच घातक ठरली. अशा इमारतीला अभियंत्याला विचारून खिडक्यांच्या वरच्या पातळीत चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घेता येतो. ते खर्चिक आहे, पण मुलं बसणार असतील तर तेवढं तरी, नाहीतर खोली बदला.

पत्रा घालताना भोक नेहमी नागमोडीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पाणी खोलगट भागातून वाहतं आणि निम्म्या शाळा त्या भोकातूनच गळतात. आकड्याच्या बोल्टखाली वायसर हवाच. जोड देताना वारा ज्या बाजूने येतो तिकडे पत्र्याची कड उघडी राहणार नाही असं बघा. आमच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो कडेपासून, म्हणून कडेच्या ओळीला बोल्ट जास्त. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे कापू-फोडू नका, त्यात असबेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. पाणी मारून अखंड उतरवा, मुलं शाळेत नसताना.

स्लॅबच्या गळतीवर डांबर ओतणे हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय. दोन उन्हाळ्यांत ते तडकतं. कोबा घ्या: जुना सुटलेला थर काढून, विटांचे तुकडे बसवून, पाईपच्या तोंडाकडे उतार देऊन, वर घोटलेला सिमेंटचा थर. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (गवंडी तिला वाटा म्हणतात) काढायला सांगा, गळती बहुतेक वेळा तिथूनच असते. मग पाईपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा आणि खालून बघा. ही परीक्षा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे करारातच लिहा.

आता पायथ्याचं पाणी. छताचं पाणी पाईपने खाली आणून भिंतीच्या मुळाशी सोडलेलं असतं आणि तिथे हिरवंगार गवत असतं. ते गवत दिसलं की समजा, भिंत पाणी पितेय. इमारतीच्या चारी बाजूंनी अडीच-तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा आणि त्याला लागून नाली करा, ती मैदानापलीकडे शोषखड्ड्यात किंवा झाडांकडे काढा. काळ्या मातीत हा पट्टा म्हणजे निम्मा इलाज. भिंतीला चिकटून लावलेली मोठी झाडं वाढू देऊ नका. पिंपळाचं रोप कठड्यात दिसलं तर मुळासकट काढा, वरचं नुसतं तोडलं तर ते दुप्पट जोमाने येतं.

छप्पर आणि पाणी सुधारल्यावरच भिंतींना हात. ओल आलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवा, वाळू द्या. घाईने वर पुट्टी चढवली की तोच नकाशा पुन्हा पडणार.

स्वच्छतागृह, पाणी, चूल

स्वच्छ विद्यालय मोहिमेत ४० मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असा हिशेब धरलेला आहे. आकडा पुरा करणं सोपं, ते चालू ठेवणं अवघड, आणि ते पाण्यावर ठरतं. दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर पाणी धरतात. एवढं जमत नसेल तरी मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी नसेल तर ते बांधूच नका, सहा महिन्यांत तिथे झाडू-खराटे ठेवले जातात. टाकी छतावर, नळ आत, बादली नाही. आतून कडी मुलांच्या हाताच्या उंचीवर. पाळीच्या दिवसांसाठी एक फळी, झाकणाचा डबा आणि एक खुंटी. दार मैदानाच्या तोंडावर नको. दिव्यांग मुलासाठी एक तरी शौचकूप हवा: दार मोकळं ९० सेंटिमीटर, बाजूला धरायचा दांडा, आणि उताराला १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. उतार करतात तो बरेचदा घसरगुंडीसारखा. खुर्ची स्वतः ढकलून बघा, मग बिल पास करा.

हात धुण्याच्या नळांची रांग दोन उंचींची करा, पहिलीतलं पोर आणि सातवीतलं पोर एका उंचीवर वाकत नाहीत. शोषखड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून लांब. टाकीला झाकण, आत उतरायला जागा, आणि ती धुतल्याची तारीख बाहेर रंगवलेली. क्लोरीन आहे का हे तपासायचं साधन ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतं, त्याला आठवड्यातून एकदा शाळेचं पाणीही बघायला लावा.

स्वयंपाकाची शेड वर्गांपासून दूर, आणि तिच्यावर गवत, प्लास्टिक, कागद असलं काही नको. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली ठिणगी गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. नंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या सुरक्षेबाबत जे आदेश दिले, त्यामागे हीच घटना होती. गॅसची टाकी बाहेरच्या बाजूला जाळीत, धूर जायला वर झरोका, दार बाहेर उघडणारं. शंभर मुलांपर्यंत २० चौरस मीटर शेड धरतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ओटा किती उंच हवा ते विचारा. आमच्या गवंड्याने स्वतःच्या उंचीने बांधला होता, मावशी दोन वर्षं पाटावर उभ्या राहून भात शिजवत होत्या.

विजेचं थोडक्यात: अर्थिंग नवं करा, गळती झाली की बंद होणारा आरसीसीबी बसवा, बटणं मुलांच्या हाताबाहेर. एका खोलीत चार पंखे आणि दहा दिवे लावण्याआधी बिल कोण भरणार हे ठरवा.

काम चालू असताना

रोज कुणीतरी तिथे असावं. पाळी लावा. अभियंता नसला तरी गावाला या गोष्टी बघता येतात. वाळू किंवा क्रशसँड काचेच्या बाटलीत पाण्यात घालून हलवा आणि ठेवा. तळाच्या वाळूवर गाळाचा जाड थर बसला तर तो ट्रॅक्टर परत पाठवा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणाट हवा. काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे साधारण २५ लिटर पाणी. सैल कालवलं की पसरायला सोपं जातं म्हणून मजूर पाणी ओतत राहतो आणि ताकद तिथेच जाते. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे, आहेत का ते काँक्रीट पडायच्या आधी बघा, नंतर बघता येत नाही. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकू किमान सात दिवस, त्याहून लांब असेल तर चौदा. ठेकेदाराला त्या टेकू दुसऱ्या साइटवर हव्या असतात, तेव्हा पाळीवरच्या माणसाने खमकं राहावं.

सगळ्यात मोठा घोळ पाणी मारण्याचा. कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओलं राहायला हवं, चौदा राहिलं तर उत्तम. आणि सुट्टी असते मे महिन्यात, जेव्हा आमच्या वाडीला प्यायला टँकर. माणसांना पाणी नसताना स्लॅबवर कोण ओतणार? म्हणून आम्ही वर्ष फिरवलं. स्लॅब, कोबा, गिलावा ही पाण्याची कामं दिवाळीच्या सुट्टीत सुरू करून डिसेंबरपर्यंत. एका वेळी एक खोली बंद, तो वर्ग समाजमंदिरात. मेमध्ये फक्त कोरडी कामं: दारं-खिडक्या, वायरिंग, पत्रे. मेमध्ये काँक्रीट टाळता येत नसेलच तर संध्याकाळी ओता आणि ओलं गोणपाट टाकून वर प्लास्टिक अंथरा, पाणी बरंच कमी लागतं.

शाळा भरत असताना काम चाललं तर खड्डे, सळया आणि मिक्सर यांच्याभोवती पत्र्याचा आडोसा करा आणि ट्रॅक्टरची ये-जा शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर. मुलांना विटा वाहायला लावू नका. श्रमदान मोठ्यांचं.

हिशेब भिंतीवर

बँक खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या, रोखीने कमीत कमी, प्रत्येक देणगीला पावती. वस्तू आली तरी पावती: "सिमेंट २० पोती, अमुक यांच्याकडून" असं साठा नोंदवहीत आणि किती वापरली तेही. उरलेली तीन पोती कुणाच्या गोठ्यात गेली यावरून आमच्या शेजारच्या वाडीत दोन भावक्या अजून बोलत नाहीत. महिन्याच्या महिन्याला जमा-खर्चाचा कागद शाळेच्या बाहेरच्या फलकावर लावा, ग्रामसभेपर्यंत थांबू नका. एकच काम दोन निधींतून दाखवलं जाणार नाही हे समितीने स्वतः बघायचं. वर्गणीतून झालेल्या भिंतीचं पुन्हा सरकारी बिल निघतंय असं कळलं तर तिथेच लेखी हरकत घ्या. आयकरात सवलत मिळणारी पावती कुणी मागितली तर ती समितीला आपल्या मनाने देता येत नाही, तशी मंजुरी असलेल्या संस्थेमार्फतच देणगी घ्या.

सरकारी कामात मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना समितीतलं कुणीतरी टेप धरायला हजर राहा. पूर्णत्वाच्या कागदावर मुख्याध्यापक सही करतात. त्यांच्यावर "करून टाका" म्हणून दबाव येतो, अशा वेळी समितीचा ठराव त्यांच्या पाठीशी हवा.

आणि मग रंग

बाहेरून पांढरा किंवा फिका, आतून चार फुटांपर्यंत धुता येणारा ऑईलपेंट, वर फिका. पत्र्यावर पांढरा उन्हरोधक रंग दिला तर आतला ताप कमी होतो. फळ्याच्या समोरच्या भिंतीत खिडकी असेल तर फळा चकाकतो, तो बाजूच्या भिंतीवर हलवा.

चित्रं काढायचीच तर बोलकी नको, कामाची काढा. दिल्लीच्या विन्यास संस्थेने युनिसेफच्या साथीने "बाला" नावाची कल्पना मांडली, इमारतीलाच शिकण्याचं साधन करायची. आमच्या दुसरीच्या वर्गात दार उघडतं तिथे फरशीवर कोनमापक रंगवलाय. दार ढकललं की तीस, साठ, नव्वद. पोरं मधल्या सुट्टीत दार एकशेवीसवर अडकवून ठेवतात आणि बाई ओरडतात. खिडकीच्या गजांवर मणी ओवलेत, पायऱ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत. याला पेंटर लागला नाही.

दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही एक दिवस धरतो. गच्ची झाडायची, पाईपांची तोंडं साफ करायची, नाली उपसायची, बोल्ट आवळायचे, टाकी धुवायची. वहीत सही आणि तारीख. पहिली मोठी सर आली की आजही मी छत्री घेऊन शाळेत जाऊन येतो, अध्यक्ष दुसरा असला तरी.

नकाशाची भिंत अजून कोरीच आहे. पेंटर दर उन्हाळ्यात विचारतो, "आबा, महाराष्ट्र काढायचा न्हवं?" दोन पावसाळे ती भिंत कोरडी राहिली. गोंदियाच्या जागी हात लावून बघितलं, टणक आहे. त्याला म्हटलं, यंदाचा परतीचा पाऊस जाऊ दे, दसऱ्याला ये.